नली आणि पदवी

"डिग्री नाही त्याच्याकडे. आता बाहेर कुठला जातोय तो!"

हे वाक्य आपल्याकडे कुठेही कानावर पडतं. लग्नाच्या पंगतीत, गणपतीची आरती झाल्यावर, राजापूरच्या एसटीत. बाहेर म्हणजे परदेशात, हे वेगळं सांगायला नको. आणि गंमत अशी की मी ते सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय ते नाट्यात. (नाटे हे आमचं गाव, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी. नाटकाशी काहीही संबंध नाही, हा खुलासा मी कॉलेजपासून करत आलोय.) ज्या किनाऱ्यावरची माणसं शंभराहून अधिक वर्षं सही करण्यापुरतंही अक्षर नसताना लंडन आणि सिडनी करून आली, त्याच किनाऱ्यावर आज बी.ए. नापास मुलाला "तुझं काही खरं नाही" म्हणतात.

या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. भाचे मंडळींचे फोन येतात, "मामा, पदवी नसताना वर्क व्हिसा मिळतो का हो?" मी काही वकील नाही, त्यामुळे हा लेख वाचून कुणी फॉर्म भरायला बसू नये. मला त्यातला इतिहास बघायचाय. सीमेवर, बंदरावर किंवा वकिलातीच्या खिडकीत एक कारकून बसलेला असतो. समोरचा माणूस म्हणतो, मला काम येतं. हे खरं की खोटं, ते त्या कारकुनाने कसं ठरवायचं? पदवी हे त्याचं एक उत्तर झालं, आणि तेही बरंच अलीकडचं. आधी काय होतं?

आधी आमच्या खाडीपासूनच सुरू करू. जैतापूरची खाडी समुद्राला मिळते तिथे नाट्याच्या बाजूला यशवंतगड आहे. याच खाडीने जहाजं आत जायची, राजापूरच्या पेठेकडे. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी राजापुरात वखार घातली तीही याच वाटेच्या भरवशावर. त्या काळी या किनाऱ्यावरून जहाज न्यायचं तर पोर्तुगीजांचा परवाना लागे, त्याला कार्ताझ म्हणत. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात मराठ्यांचं दस्तक आलं. कार्ताझमध्ये जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, जहाज केवढं, हत्यारं किती, माल कोणता, कुठून कुठे जाणार, इतकी सगळी चौकशी असे. माणसाच्या अक्कलहुशारीबद्दल मात्र एक अक्षर नसे. ती चौकशी समुद्र करायचा! ज्याला येत नाही त्याचं जहाज परत येत नसे, विषय संपला.

माणसाच्या हुनराचा कागद आला तो आगबोटींबरोबर. एकोणिसाव्या शतकात इंग्रज कंपन्यांची जहाजं वाढली आणि त्यांना स्वस्त, कामसू माणसं हवी झाली. पी अँड ओ सारख्या कंपन्यांनी डेकवरच्या कामाला गुजरात-दीवकडचे आणि रत्नागिरी किनाऱ्यावरचे, विशेषतः कोकणी मुसलमान खलाशी घेतले. भटारखान्यात आणि जेवणघरात गोव्याचे लोक, इंजिनाजवळच्या भट्टीत पंजाब-सरहद्दीकडचे. इंग्रज या सगळ्यांना सरसकट 'लास्कर' म्हणत. जहाजावर मात्र उतरंड पक्की होती. वर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग सुकाणी, कसाब, साधा खलाशी, भंडारी, आणि तळाला टोपस. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे हिंदुस्थानी खलाशी जवळजवळ ५० हजार होते, म्हणजे एकूण खलाशांच्या साधारण चौथा हिस्सा. पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली.

या माणसांकडे जो कागद असे त्याचं सरकारी नाव 'कंटिन्यूअस डिस्चार्ज सर्टिफिकेट', आजच्या भाषेत सीडीसी. पण जुने लोक त्याला म्हणतात 'नली'. हे कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायचे, भिजू नयेत म्हणून, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. पुढे कागदाचं पुस्तक झालं, नळी गेली, पण शब्द राहिला. "त्याची नली निघाली" म्हणजे पोराचं भलं झालं, आता मुलगी द्यायला हरकत नाही!

या नलीत असायचं काय? प्रत्येक सफरीला एक ओळ. जहाजाचं नाव, कोणत्या कामावर घेतलं, कधी आणि कुठे चढला, कधी आणि कुठे उतरला, आणि शेवटी कप्तानाचा शेरा. ब्रिटिश जहाजांवर हे पुस्तक १९०० पासून सुरू झालं. शेऱ्याचे दोन भाग, कामातली लायकी आणि वागणूक. दोन्ही ठिकाणी 'व्हेरी गुड'चा शिक्का पडला की सगळं आलबेल. पण कप्तान नाराज असला तर तो 'वाईट' असं लिहीत नसे. तो लिहायचा 'डिक्लाइन्स टु रिपोर्ट', म्हणजे 'मी याच्याबद्दल काही सांगू इच्छित नाही'. बस्स. एवढ्या एका वाक्याने पुढच्या जहाजाची दारं बंद. शिवी परवडली, पण हे मौन नको, अशी स्थिती.

एक मिनिट इथे थांबू या. हा कागद शाळेचा नाही. परीक्षेचाही नाही. त्यावर लिहिलेलं आहे ते फक्त इतकंच की हा माणूस अमुक इतके दिवस हे काम करत होता आणि ज्याला त्यातलं कळतं अशा एकाने ते पाहिलं. काळ आणि साक्षीदार, या दोनच गोष्टी. माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास या दोन शब्दांभोवती फिरतो, पुढे ते दिसेलच.

साहेबाच्या देशातही तेव्हा वेगळं नव्हतं. परदेशी जाणाऱ्या ब्रिटिश जहाजांच्या कप्तानांना आणि मेटना परीक्षा सक्तीची झाली ती १८५०च्या कायद्याने. त्याआधी कप्तान होण्यासाठी मालकाचा विश्वास पुरे असे. मग प्रश्न आला की आधीपासून वीस-वीस वर्षं जहाज हाकणाऱ्यांचं करायचं काय? त्यांना परीक्षेला बसवायचं? त्यावर तोड अशी काढली की परीक्षा देणाऱ्याला 'सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी' आणि जुन्या माणसाला केलेल्या नोकरीच्या आधारावर 'सर्टिफिकेट ऑफ सर्व्हिस'. जहाज दोघांनीही चालवायचं. अनुभवाला परीक्षेच्या शेजारी बसवण्याचा हा सरकारी प्रयोग पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे.

आमच्या लोकांना मात्र नली मिळवणंच मुळात सोपं नव्हतं. भरती सारंगाच्या हातात. सारंग आपल्या गावची, आपल्या नात्यातली पोरं भरायचा. त्यामुळे एकेका गावातून वीस-वीस जण एकाच जहाजावर, आणि शेजारच्या गावात एकही नाही, असं व्हायचं. मधे दलाल, मुंबईतले खोलीवाले, उधारीवर जेवू घालणारे, सगळ्यांचा हात ओला करावा लागे. हा प्रकार इतका बोकाळला की ए. जी. क्लो नावाच्या अधिकाऱ्याने १९२२ मध्ये खलाशांच्या भरतीवर अहवाल दिला आणि सरकारी भरती कचेरी काढा अशी शिफारस केली. ती कचेरी मुंबईत खऱ्या अर्थाने चालू व्हायला स्वातंत्र्य उजाडलं. थोडक्यात काय, पदवी नको होती, पण ओळख हवी होती. "पूर्वी गुणाला किंमत होती" असं म्हणणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

आणि नली असली तरी ती होती जहाजापुरतीच. लास्करांना घेताना करारच वेगळा असे. त्यात हिंदुस्थानातच परत आणून सोडण्याची अट. लंडनच्या गोदीत जहाज लागलं, उतरून फिरून या हवं तर, पण नोकरी सोडून तिथे राहायचं नाही. शिवाय १९२५ मध्ये ब्रिटनने एक हुकूम काढला, कृष्णवर्णीय परदेशी खलाशांनी पोलिसांकडे नोंद करायची. आता आपले खलाशी परदेशी नव्हतेच, ते बादशहाचे प्रजाजन! पण ते सिद्ध करायला पासपोर्ट हवा, आणि तो कुणाकडे असणार? डिस्चार्ज बुक दाखवलं तर ते नागरिकत्वाचा पुरावा म्हणून धरत नसत. काम घेताना जो कागद पक्का, तोच माणूस कोणाचा हे ठरवताना कच्चा.

जमिनीवरच्या दारांचं याहून वेगळं चाललं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या वसाहतींना आशियाई लोक नको झाले. पण 'काळ्यांना बंदी' असं उघड लिहिलं तर लंडनचं सरकार अडचणीत येई, कारण हिंदुस्थान साम्राज्यातच होता. मग नाताळ वसाहतीने १८९७ मध्ये युक्ती काढली. येणाऱ्याने एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा. झालं! रंगाचं नाव नाही, धर्माचं नाही, फक्त शिक्षणाची अट. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये हीच युक्ती आणखी धारदार केली. तिथला अधिकारी ५० शब्दांचा उतारा वाचून दाखवणार आणि तो लिहून घ्यायचा. भाषा कुठलीही युरोपीय, पण ती निवडणार अधिकारी! इंग्रजी येणारा माणूस नको असेल तर त्याला दुसऱ्याच भाषेतला उतारा. नापास करायलाच घेतलेली परीक्षा ती.

याची झळ थेट रत्नागिरीला लागली. केपटाउनमध्ये कोकणी मुसलमानांची चांगली मोठी वस्ती आहे, तिथे त्यांना 'कोकनी'च म्हणतात. ही माणसं रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या किनारी गावांतून गेलेली. कोणी फेरीवाले, कोणी छोटे दुकानदार. केप वसाहतीने १९०२ मध्ये नाताळसारखाच कायदा केला आणि १९०६ मध्ये तो सुधारला. त्या सुधारणेत यिडिश ही युरोपीय भाषा धरली गेली, कारण युरोपातून येणाऱ्या ज्यू लोकांचा प्रश्न होता. मराठी, उर्दू, गुजराती अर्थातच नाही. उर्दू घडाघडा वाचणारा, हिशेबात पक्का असलेला दुकानदार कायद्याच्या नजरेत अडाणी. जो आधीपासून तिथे राहत होता त्यालाही गावी यायचं तर मुदतीचा परवाना काढावा लागे, फोटोसकट. मुदत चुकली की दार बंद. आईच्या आजारपणात, मुलीच्या लग्नात, भातकापणीला गावी राहिलेल्या माणसाने तारीख मोजत बसायचं. आज एच-१बी वाले भारतात आले की स्टॅम्पिंगच्या तारखांवर डोळा ठेवून बसतात ना, त्यातलाच प्रकार, शंभर वर्षं आधीचा.

म्हणजे शिक्षणाची अट ही नेहमी ज्ञान तपासायलाच घातलेली असते असं नाही. कधी कधी ती माणूस अडवायलाच असते. हे एकदा कळलं की "डिग्री नाही" या वाक्याची भीती थोडी कमी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललं. ब्रिटनला माणसं हवी होती आणि राष्ट्रकुलातल्या लोकांना येण्यास मोकळीक होती. ती आवळली १९६२च्या कायद्याने. जुलै १९६२ पासून 'व्हाउचर' सुरू झाले. 'अ' वर्ग म्हणजे ज्याला ठरावीक नोकरी मिळाली आहे तो. 'ब' वर्ग म्हणजे ज्याच्याकडे उपयोगी कसब किंवा पात्रता आहे तो, आणि 'क' वर्ग म्हणजे बाकी सगळे. 'क' वर्ग दोनच वर्षांत थांबवला आणि १९६५ मध्ये रद्द करून वर्षाला एकूण ८,५०० व्हाउचरची मर्यादा घातली. शेवटी राहिले डॉक्टर, शिक्षक, इंजिनियर अशा कागदवाल्यांचे. बघा, एकाच दाराची फट तीन वर्षांत किती बारीक झाली.

मग आला आखाताचा जमाना. १९७०च्या दशकात तेलाचे भाव वाढले आणि आपल्या किनाऱ्यावरून दुबई-कुवेतला रांग लागली. वेल्डर, प्लंबर, ड्रायव्हर, आचारी. इथे अट समोरच्या देशापेक्षा आपल्याच सरकारने घातली होती. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली कमी शिकलेल्या माणसाला ठरावीक देशांत कामाला जायचं तर 'एमिग्रेशन क्लिअरन्स' घ्यावा लागतो. हेतू चांगला, अडाणी माणसाला दलालाने फसवू नये. पण पासपोर्टवर 'ईसीआर' असणं हा एक शिक्का होऊन बसला आणि ईसीएनआर, म्हणजे 'क्लिअरन्सची गरज नाही', ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. २००७ पासून दहावी पास माणसाला ही सूट आहे. त्याआधी अट आणखी वरची होती.

पण मला खरी मजा वाटते ती सूट कुणाकुणाला आहे त्या यादीची. पदवीधर आहेत, दहावी पास आहेत, नर्सिंगची मान्य पात्रता असलेले आहेत. आणि त्यांच्याच रांगेत आहे तो सीडीसी असलेला खलाशी, म्हणजे आमची नली! शिवाय तीन वर्षांहून जास्त काळ परदेशात राहून आलेला माणूसही त्यात आहे, मग तो शाळेत गेलेला असो वा नसो. सरकारनेच कबूल केलं की तीन वर्षं परमुलखात निभावून आलेल्या माणसाला दहावीचं प्रमाणपत्र विचारण्यात अर्थ नाही. माझ्या ओळखीत एक चाचा आहेत, चौथीपर्यंत शिकलेले, जन्मभर जहाजावर. पासपोर्ट कचेरीत मुलाला दहावीची मार्कशीट मागितली आणि त्यांना काहीच नाही. त्यांनी नली पुढे केली आणि मुलाकडे असं काही बघितलं म्हणतात की बस!

आता अमेरिका, कारण फोन येतात ते तिच्यासाठीच.

अमेरिकेच्या १९५२च्या कायद्यात 'एच-१' वर्ग आला तेव्हा शब्द होते असामान्य गुणवत्ता आणि कर्तबगारी अशा अर्थाचे. १९९०च्या कायद्याने आजचा एच-१बी घडवला. 'स्पेशालिटी ऑक्युपेशन', म्हणजे ज्या कामाला त्या विषयातली निदान पदवी लागते असं काम, आणि वर्षाला ६५ हजारांची मर्यादा. वाचणाऱ्याला वाटतं, संपलं, पदवी नसेल तर घरी बसा. पण त्याच कायद्यात पदवीच्या बरोबरीचा अनुभव ही वाट ठेवली आहे, आणि नियमांत त्याचं गणित दिलं आहे. कॉलेजच्या कमी पडणाऱ्या एका वर्षाला त्या क्षेत्रातल्या कामाची तीन वर्षं. अमेरिकेची पदवी चार वर्षांची. म्हणजे बारावीनंतर कॉलेजचं तोंडच न पाहिलेल्याला बारा वर्षं. आपले तीन वर्षांचे बी.एस्सी., बी.कॉम.वालेही बहुधा एक वर्ष कमी पडतात, त्यांना ते तीन वर्षांच्या नोकरीने भरून काढावं लागतं. २००० सालच्या आगेमागे, जेव्हा ही मर्यादा १ लाख १५ हजार आणि मग १ लाख ९५ हजारांपर्यंत वाढवली होती, तेव्हा मुंबई-पुण्याची किती पोरं या तीनास एकच्या हिशेबावर गेली असतील!

पण नुसती वर्षं मोजून चालत नाही. नियम आणखी तीन गोष्टी मागतो. काम वरवरचं नको, त्यात त्या विषयाचं शास्त्र आणि वापर दोन्ही हवं. ते काम अशा लोकांबरोबर केलेलं हवं ज्यांच्याकडे त्या विषयाची पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता आहे, मग ते बरोबरीचे असोत, वरचे असोत की हाताखालचे. आणि त्या क्षेत्रातल्या जाणत्यांनी तुम्हाला मानलेलं हवं. त्यासाठी दोन तज्ज्ञांची पत्रं, किंवा व्यावसायिक संस्थेचं सभासदत्व, किंवा तुमच्याविषयी छापून आलेलं, किंवा परवाना, असं काहीतरी. पुन्हा बघा, काळ आणि साक्षीदार! नलीतला कप्तान आता एक्स्पर्ट झाला आणि 'व्हेरी गुड'चा शिक्का लेटरहेडवरच्या पत्रात गेला.

आमच्या एका नातेवाइकाची गोष्ट सांगतो. (नाव लिहिलं तर पुढच्या शिमग्यात माझी खैर नाही.) बारावी, मग कॉम्प्युटरचा एक कोर्स, आणि मुंबईत एका छोट्या कंपनीत नोकरी. काम उत्तम. चौदा वर्षांत तीन नोकऱ्या झाल्यावर अमेरिकेतली एक कंपनी त्याला बोलवायला तयार झाली. कागद गोळा करायला बसला तर पहिल्या कंपनीचं पत्र दोन ओळींचं निघालं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामाला होता, वर्तणूक समाधानकारक. काय करत होता, कुणाबरोबर करत होता, एक शब्द नाही. आणि ती कंपनी तोवर बंदही पडलेली. पाच वर्षांचं रात्रीचा दिवस करून केलेलं काम, आणि कागदावर शून्य. 'डिक्लाइन्स टु रिपोर्ट' याला म्हणतात! इथे कुणी सूड घेतला नव्हता, नुसता आळस होता, पण परिणाम तोच.

मग त्याने जुने सहकारी शोधून काढले. एक पुण्यात, एक बंगळूरला, एक चक्क न्यूझीलंडला. त्यातले इंजिनियर असलेले दोघे. त्यांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की हा आमच्याबरोबर हे हे काम करत होता. अनुभवाचं मूल्यमापनही कुणाकडूनही करून चालत नाही. पदव्या तपासणाऱ्या खाजगी संस्थांना फक्त शिक्षणाबद्दल बोलता येतं. अनुभवाला श्रेयांक देण्याचा अधिकार असलेला तिथल्या विद्यापीठातला अधिकारी लागतो. तेही केलं. सात महिने गेले या सगळ्यात. शेवटी काम झालं, तो गेला. पण मला विचाराल तर ते काम त्याच्या बारा वर्षांनी झालं नाही, ते दोन मित्रांनी जुनी ओळख ठेवली म्हणून झालं.

पुढचीही एक गोष्ट ऐकून ठेवा. एच-१बीला चालणारं हे तीनास एकचं गणित ग्रीन कार्डाच्या 'प्रोफेशनल' वर्गात चालत नाही. तिथे खरोखरची पदवीच लागते. पदवी नसलेल्याला दोन वर्षांच्या अनुभवाच्या 'स्किल्ड वर्कर' वर्गातून जावं लागतं. आत येताना जो अनुभव पदवीइतका, तो राहायचं म्हटलं की पदवीपेक्षा कमी. १९२५च्या त्या खलाशाची आठवण होते की नाही? कामाला पक्का, मुक्कामाला कच्चा.

बाकीच्या वाटाही आहेत. एकाच कंपनीत निदान वर्षभर काम करून तिच्या अमेरिकेतल्या शाखेत बदलीवर जाण्याचा एल-१ व्हिसा १९७० पासून आहे. त्याच्या कायद्यात पदवीची अट नाही, त्या कंपनीच्या कामाचं खास ज्ञान हवं. असामान्य कर्तबगारीचा ओ-१ आहे, तिथेही पदवी विचारत नाहीत, पण कर्तबगारी खरंच असामान्य लागते (भाच्यांनो, फेसबुकवरचे लाइक धरत नाहीत). जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून संगणकाच्या कामात अलीकडच्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव असेल तर पदवी नसतानाही ब्लू कार्डाची सोय केली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तर आपल्या महाराष्ट्र सरकारनेच जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, नर्स, अशांना जर्मन शिकवून तिकडे पाठवायचं. उलट अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावायचा हुकूम निघाला. म्हणजे एक दार उघडतंय, दुसऱ्याला कुलूप. शंभर वर्षांचा इतिहास बघितला तर यात नवीन काही नाही.

या सगळ्यात मला सलते ती गोष्ट वेगळीच. साखरीनाट्याच्या बंदरावर संध्याकाळी उभं राहा. होड्या आत येत असतात. त्यांच्यावर असे तांडेल आहेत ज्यांना पाण्याच्या रंगावरून खालचा तळ कळतो, वाऱ्याच्या वळणावरून उद्याचं हवामान कळतं, आणि फुटलेलं इंजिन भर समुद्रात बांधून घरी आणता येतं. तीस-तीस वर्षांचा अनुभव. तीनास एकच्या हिशेबाने दोन पदव्या होऊन वर शिल्लक राहील! पण त्यांची नली नाही. मच्छीमार होडीवर सफरीची ओळ कुणी लिहीत नाही, शेवटी शेरा मारणारा कप्तान नाही, कारण कप्तान तेच. त्यांचा अनुभव त्यांच्याबरोबर सुरू होतो आणि त्यांच्याबरोबर संपतो. बायकांचं तर बोलायलाच नको. बाजारात माशाचा लिलाव डोळ्यांसमोर करून नफातोट्याचा हिशेब पाठ ठेवणाऱ्या बाईला कोणत्या कॉलमात लिहिणार?

जगाने पदवीऐवजी अनुभव मोजायला सुरुवात केली म्हणून आपण खूश होतो, आणि व्हायलाही हवं. पण मोजला जातो तो लिहिलेला अनुभव. ज्याचा कुणी साक्षीदार नाही, किंवा आहे पण त्याच्या सहीला किंमत नाही, तो पदवी असती तरी बाहेर आणि नसती तरी बाहेरच. पदवीने अन्याय केला असेल, पण तिचं एक बरं होतं. ती एकदा मिळाली की कुणाच्या मर्जीवर नव्हती. अनुभवाचा कागद मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हातातून येतो, मग तो सारंग असो, कप्तान असो की एचआरमधली बाई.

म्हणून भाचे मंडळींना माझं सांगणं एवढंच. पदवी घेता आली तर घ्या, मुक्त विद्यापीठं आहेत. नाही जमलं तर निराश होऊ नका, पण नोकरी सोडताना दोन ओळींचं पत्र घेऊन बाहेर पडू नका. काय काम केलं, कशावर केलं, कुणाबरोबर केलं, हे सगळं लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट, त्याच दिवशी. आणि तुम्ही कुणाचे साहेब झालात तर हाताखालच्या पोराला तसं पत्र न मागता द्या.

दुसरी विनंती आमच्या नाटे-जैतापूर-आंबोळगडकडच्या मंडळींना. मुंबईत मशीद बंदराजवळ खलाशांच्या जुन्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदुस्थानी खलाशांचं स्मारक आहे. ती नावं निदान कोरलेली तरी आहेत. जे जिवंत परत आले आणि म्हातारे होऊन घरीच गेले, त्यांच्या नल्या मात्र आपल्या माळ्यावरच्या ट्रंकांमध्ये वाळवी खात पडल्या आहेत. एकदा ट्रंका उघडा. पानं सांभाळून सुटी करा, एकेका पानाचा फोटो काढा, आणि जहाजांची नावं मला कळवा. मी एक यादी करायला घेतली आहे. आतापर्यंत अकरा नल्या आणि ऐंशीच्या वर जहाजं झाली आहेत. एका पानावर मेलबर्नचा शिक्का आहे, त्याखाली आमच्या गावच्या माणसाचा अंगठा आहे, आणि समोर ठळक अक्षरांत 'व्हेरी गुड'. ही यादी पुरी झाली की इथेच टाकतो.